ऐकणे आणि ऐकू येणे

शाळेच्या स्नेहसंमेलनाला तीन आठवडे उरले असताना सातवीतल्या एका मुलाचे वडील मला भेटायला आले. ते शिंपीकाम करतात. बाजारात त्यांचे लहानसे दुकान आहे आणि त्या दिवशी माझ्या अंगावर होता तो सदरा त्यांच्याच हातचा होता. त्यांच्या मुलाचा आवाज असा आहे, की समूहगीतात तो गाऊ लागला म्हणजे बाकीची मुले न सांगता हळू होतात. एक कडवे मी त्याला एकट्याने म्हणायला दिले होते. वडील खुर्चीवर बसले नाहीत. "सर, पोराला तेवढं गाण्यातनं काढा," ते म्हणाले. "दुसरं कायबी काम द्या. पडदा ओढंल, खुर्च्या लावंल. गाणं नको."

मी कारण विचारले. "आमच्यात चालत नाही," ते म्हणाले.

माझे गाव मिरजेपासून फार लांब नाही. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात तिथे रात्ररात्र गाणे चालते, हे मला लहानपणापासून ठाऊक. मास्तरकीने माणसाला एक खोड लागते. समोरच्याचे चुकते आहे असे वाटले, की एखादे उदाहरण तोंडावर टाकून त्याला गप्प करायचे. मी तेच केले. "मग भाई, मिरजेच्या दर्ग्यात चालतं ते काय?" ते रागावले नाहीत. जरा थांबून म्हणाले, "चालतं म्हणणारेबी हायत, सर. आलिम लोकांत दोन्ही हायत. मी ज्यांचं ऐकतो ते नको म्हणतात."

गप्प व्हायची पाळी माझ्यावर आली. हट्टी माणसाशी वाद घालायची तयारी करून मी बसलो होतो, आणि हा माणूस मला सांगत होता, की त्याच्या धर्मात या प्रश्नावर दोन मते आहेत, ती दोन्ही त्याला माहीत आहेत, आणि त्यांतले एक त्याने आपले मानले आहे. मुलाला मी गाण्यातून काढले. पण ती दोन मते कोणती, ती कुठून आली, हे कुतूहल मनातून गेले नाही. पुढे वर्षभर मिळेल ते वाचत राहिलो. अरबी मला येत नाही. जे वाचले ते भाषांतरांतून. त्यामुळे पुढचे विवेचन हे एका बाहेरच्या वाचकाचे आहे, पंडिताचे नव्हे.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की प्रश्न मी विचारला होता तसा त्या शास्त्रात विचारलाच जात नाही. आपल्या बोलण्यात 'चालते' आणि 'चालत नाही' असे दोनच खण असतात. इस्लामी धर्मशास्त्राने पाच खण केले आहेत. केलेच पाहिजे ते फर्ज. केले तर पुण्य, राहिले तर पाप नाही, ते मुस्तहब. केले काय न केले काय सारखेच, ते मुबाह. टाळलेले बरे, ते मकरूह. आणि केले तर पाप, ते हराम. माणसाचा बहुतेक दिवस मधल्या खणांतच सरतो. शिवाय 'संगीत' असा एकच सरसकट शब्द घेऊनही शास्त्री बोलत नाहीत. नुसता गळा वेगळा, डफ वेगळा, तारेची आणि फुंकरीची वाद्ये वेगळी; गाणारा कोण, ऐकणारा कोण, शब्द कोणते, वेळ कोणती, हे सगळे वेगवेगळे तपासले जाते. शिंप्याच्या दुकानात सदऱ्याची मापे घेतात त्यापेक्षा ही मापे जास्त आहेत.

कुराणात संगीताला नाव घेऊन केलेली मनाई नाही. लुकमान नावाच्या एकतिसाव्या सूऱ्यात लोकांना देवाच्या वाटेवरून भुलवण्यासाठी 'लह्व-अल-हदीस' विकत घेणाऱ्यांची निंदा आहे. या दोन शब्दांचा अर्थ मन रमवणारे, पोकळ बोलणे असा होतो. पैगंबरांचे सहकारी इब्न मसूद यांनी शपथेवर सांगितले, की याचा अर्थ गाणे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, की ही निंदा मक्केतल्या नज्र इब्न हारिस या माणसाला उद्देशून आहे. तो इराणातून रुस्तुम आणि इस्फंदियार यांच्या गोष्टी विकत आणी आणि पैगंबरांकडे जाणाऱ्या लोकांना त्या सांगून आपल्याकडे ओढी. म्हणजे दोष करमणुकीचा, की करमणूक ज्या हेतूने पुढे केली त्याचा? (रुस्तुमाच्या गोष्टींवर गाणे धरले गेले नाही, तर गोष्ट सांगणाराच धरला जातो. मी कादंबऱ्या लिहितो. या अर्थाने मला जास्त बरे वाटावे असे काही नाही.)

मग हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या परंपरा. त्यांच्या संग्रहांत सर्वांत प्रमाण मानला जातो तो बुखारींचा. त्यात एक परंपरा आहे, की पुढे असे लोक निघतील जे व्यभिचार, रेशीम, मद्य आणि 'मआझिफ', म्हणजे वाद्ये, ही विधिसंमत ठरवतील. विरोधकांचा हा सर्वांत बळकट आधार. मद्याच्या पंक्तीला वाद्ये बसवली, मग आणखी काय हवे? अकराव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोव्हाचे इब्न हझ्म यांनी यावर आक्षेप घेतला. बुखारींनी ही परंपरा ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याशी साखळीचा दुवा स्पष्ट जोडलेला नाही, तेव्हा ती धरता येत नाही. आणि गाण्याविरुद्धच्या बाकीच्या परंपराही त्यांनी अशाच एकेक तपासून बाजूला सारल्या. पंधराव्या शतकात इब्न हजर यांनी उलट दाखवले, की दुवा इतर वाटांनी जुळतो. चारशे वर्षांच्या अंतरावरून चाललेला हा वाद वाचताना मला कंटाळा येईल असे वाटले होते. आला नाही. एखादी गोष्ट कुणी कुणाकडून ऐकली याची इतकी काळजी आपण आपल्या संतांच्या चरित्रांबाबतही घेतलेली नाही.

त्याच बुखारींच्या संग्रहात दुसरी एक परंपरा आहे आणि ती सर्वांना मान्य आहे. ईदचा दिवस होता. पैगंबरांच्या घरात आयेशांजवळ दोन मुली गात होत्या. गाणे भक्तीचे नव्हते. मदिनेतल्या टोळ्यांच्या बुआस नावाच्या जुन्या लढाईचे होते. पैगंबर पाठ फिरवून पहुडले होते. अबू बक्र आत आले आणि रागावले. देवाच्या प्रेषिताच्या घरात सैतानाची बासरी वाजावी काय, असे म्हणाले. पैगंबरांनी त्यांना थांबवले. मुलींना राहू द्या, प्रत्येक समाजाला सण असतो, आज आपला आहे.

प्रसंग एक, शब्द तेच. एक पक्ष म्हणतो, पाहा, पैगंबरांच्या घरातच गाणे झाले, यापरते प्रमाण कोणते? दुसरा म्हणतो, नीट वाचा. गाणाऱ्या लहान मुली होत्या, गाणे हा त्यांचा धंदा नव्हता, दिवस सणाचा होता. आणि मुख्य म्हणजे अबू बक्रांनी 'सैतानाची बासरी' म्हटले ते नाव पैगंबरांनी खोडले नाही, त्या दिवसापुरती सूट दिली. दोन्ही अर्थ वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. मला वारंवार दिसत होते ते वेगळेच. रागावणारा माणूस घरचाच होता, धर्मनिष्ठ होता आणि त्याचा राग खरा होता. त्याला कुणी अपमानित केले नाही. मुलींनाही कुणी गप्प केले नाही.

तिसरी एक परंपरा धनगराच्या पाव्याची आहे. पैगंबरांचे सहकारी इब्न उमर वाटेने चालले असता पाव्याचा आवाज आला. त्यांनी कानांत बोटे घातली आणि वाट सोडून आडबाजूने चालू लागले. बरोबर नाफी होते. त्यांना ते पुन्हा पुन्हा विचारीत, अजून ऐकू येतो काय? नाफी 'होय' म्हणत तोवर बोटे कानांत. शेवटी 'नाही' म्हणताच हात खाली घेतले आणि सांगितले, की पैगंबरांना मी असेच करताना पाहिले आहे. पावा निषिद्ध, हा सरळ अर्थ. पण गझालींनी विचारले, की निषिद्ध होता तर नाफींना कान झाकायला का सांगितले नाही? धनगराला थांबवले का नाही? स्वतःचे मन त्या क्षणी सांभाळण्यासाठी एका साधकाने केलेली ती गोष्ट आहे, सर्वांवर घातलेला नियम नव्हे. आणि ज्या अबू दाऊदांच्या संग्रहात ही कथा आहे त्यांनी स्वतःच तिच्यावर शंकेची खूण करून ठेवली आहे.

दमास्कसचे इब्न तैमिया गाण्याचे कडवे विरोधक. चौदाव्या शतकात तिथल्या किल्ल्याच्या कैदेतच त्यांचा शेवट झाला. नाफींच्या मोकळ्या कानांना त्यांनी मोठे मार्मिक उत्तर दिले. ऐकू येणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. कानावर पडले त्याला मनुष्य जबाबदार नाही. कान दिला, तर जबाबदार. हजच्या यात्रेत सुगंध वर्ज्य असतो, पण वाऱ्याने आणलेला वास नाकात शिरला तर यात्रेकरूला दोष लागत नाही, तसे. पटो वा न पटो, हा भेद माझ्या कामाचा निघाला. चहाच्या हॉटेलात, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात आपल्या कानांवर दिवसभर संगीत आदळत असते आणि आपण त्याला क्वचितच कान देतो. इब्न तैमियांना संगीताची भीती वाटे, कारण ते ऐकणाऱ्याला बदलून टाकते असा त्यांचा विश्वास होता. आपल्याला भीती वाटत नाही. ती आपली उदारता, की आपण ऐकतच नाही?

न्यायशास्त्राच्या चार मोठ्या परंपरांचे आद्य आचार्य गाण्याला फारसे अनुकूल नव्हते, हे कबूल केले पाहिजे. इमाम शाफई यांनी गाण्याला टाळण्याजोगी, पोकळ करमणूक म्हटले आणि जो तीत बुडून जातो तो मूर्ख, त्याची साक्ष घेऊ नये असे सांगितले. साक्षीचा हा मुद्दा ग्रंथांतून पुन्हा पुन्हा येतो, आणि तो वाचून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. मनुस्मृतीनेही कुशीलवाला, म्हणजे नटगायकाला, साक्षीदार करू नये असे सांगितले आहे आणि श्राद्धाच्या पंगतीतून त्याला उठवले आहे. फार जुन्या काळीही जायला नको. 'गाणेबजावणे' हा शब्द आपल्या आज्या कोणत्या सुरात उच्चारीत ते आठवावे. चांगल्या घरची मुलगी गायला बसली म्हणजे घराची अब्रू गेली असे मानणारे लोक अरबस्तानातले नव्हते.

पण याच कठोर आचार्यांतले थोरले, इमाम अबू हनीफा, यांची एक गोष्ट सांगतात. कूफा शहरात त्यांच्या शेजारी एक चांभार राहत असे. दिवसभर काम करून रात्री तो मांस आणि मद्य घेऊन घरी येई, प्यायला बसे आणि चढली म्हणजे मोठमोठ्याने गाऊ लागे. जगाने मला गमावले, अशा अर्थाचे ते गाणे असे. अबू हनीफा रात्र रात्र प्रार्थनेत असत आणि भिंतीपलीकडून ते गाणे त्यांच्या कानांवर पडे. एके रात्री आवाज आला नाही. सकाळी त्यांनी चौकशी केली तेव्हा कळले, की गस्तवाल्यांनी चांभाराला धरून नेले आहे. इमाम खेचरावर बसून थेट अमिराकडे गेले आणि शेजाऱ्याला सोडवून आणले. वाटेत त्याला हसून विचारले, की काय रे, आम्ही गमावला का तुला?

गाणे वाईट आणि मद्य हराम, हे अबू हनीफांचे मत त्या सकाळी तसूभरही बदलले नव्हते. तरी ते खेचरावर बसले. या सगळ्या वाचनात मला सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट, आणि ती कायद्याच्या कलमांत बसत नाही. त्या रात्री इमामांना गाणे ऐकू आले नाही म्हणून चैन पडले नाही, की शेजारी नाही म्हणून? इब्न तैमियांचा भेद इथे लावून पाहा म्हटले तर कठीण आहे.

संगीताच्या बाजूने सर्वांत समर्थपणे उभे राहिले ते इमाम गझाली (१०५८ ते ११११). तूस गावचे हे विद्वान बगदादच्या निझामिया विद्यापीठातली मोठी अध्यापकी सोडून फकिरीकडे वळले आणि पुढे 'इह्या उलूम-अद्-दीन' हा महाग्रंथ लिहून गेले. त्यात 'समा', म्हणजे श्रवण, या विषयाला एक संपूर्ण खंड दिला आहे. त्यांची मांडणी वकिली थाटाची आहे. कोकिळेचा आवाज ऐकणे हराम आहे काय? नाही. मग गोड आवाज हा गोड आहे म्हणून हराम होत नाही. तो लयीत आला म्हणून? पाखरेही लयीत गातात. अर्थ असला म्हणून? अर्थपूर्ण बोलणे तर हराम नाही. शब्द वृत्तात बसवले म्हणून? कविता पैगंबरांपुढे म्हटली गेली आहे. सुटे सुटे जे सगळे निर्दोष, ते एकत्र आले म्हणून दोषी कसे होईल? मग काही वाद्यांना मनाई का? तर ती पिणाऱ्यांच्या बैठकीची निशाणी झाली म्हणून. गझाली उदाहरण देतात, की मधाचे आणि शिरक्याचे सरबत निर्दोष आहे. पण चार जणांनी मैफल सजवली, मद्याची भांडी मांडली, साकी उभा केला आणि त्या थाटाने एकमेकांना सरबत पाजू लागले, तर तेही वर्ज्य. दोष सरबताचा नव्हे, नकलेचा.

गझालींनी सांगितलेली उंटांची कथा तर विसरणेच शक्य नाही. एक प्रवासी वाळवंटात एका अरबाच्या तंबूत उतरला. तिथे एक गुलाम साखळदंडात बांधलेला आणि बाहेर काही उंट मरून पडलेले. पाहुण्याने गुलामाला सोडण्याची विनंती केली तेव्हा मालक म्हणाला, याने मला भिकेला लावले. याचा गळा गोड. उंटांवर दुप्पट ओझे लादून हा असा गात आला, की तीन दिवसांची मजल त्यांनी एका रात्रीत मारली. ओझे उतरले आणि उंट मेले. पाहुण्याने ते गाणे ऐकायला मागितले. गुलाम गाऊ लागताच विहिरीवर पाणी ओढणारा उंट दावे तोडून निघाला आणि पाहुणा स्वतः तोंडावर पडला.

गझालींनी ही कथा गाण्याची थोरवी सांगायला घेतली आहे. मला मात्र मेलेले उंट दिसत राहतात. गाण्याचा विरोधकही हीच कथा आपल्या बाजूने सांगू शकला असता, आणि गझालींना ते कळत असावे. कारण शेवटी त्यांनी निर्णय दिला तो असा, की ज्या तरुणाच्या मनात वासनाच भरली आहे त्याला गाणे हराम. ज्याने त्याचे व्यसन केले त्याला मकरूह. ज्याला आवाजाच्या सौंदर्याचा निर्मळ आनंद होतो त्याला मुबाह. आणि ज्याच्या मनात देवाच्या प्रेमाचे भरते आहे त्याला मुस्तहब. एकच गाणे, एकाच माणसाने, चार खणांत ठेवले. वाद सुटला म्हणावा, तर तो गाण्यावरून उचलून प्रत्येक ऐकणाऱ्याच्या छातीत नेऊन ठेवला एवढेच झाले. आणि छातीत काय आहे हे बाहेरून कोण पाहणार?

हिंदुस्थानात हा प्रश्न थेट राजदरबारात गेला. दिल्लीला निझामुद्दीन अवलियांच्या खानकाहात समा चाले. अमीर खुस्रो त्यांचेच शिष्य. सुलतान गियासुद्दीन तुघलकापुढे (राज्यकाल १३२० ते १३२५) उलेमांनी तक्रार नेली आणि मोठी सभा भरली. शेखांनी हदीस पुढे केले. विरोधक म्हणाले, की आम्ही अबू हनीफांच्या न्यायशास्त्राचे अनुयायी आहोत, हदीस आमच्यापुढे वाचू नका. मुलतानच्या बहाउद्दीन झकरियांच्या नातवाला विचारले तेव्हा त्याने सांगितले, की मी बगदाद, शाम, रूम हिंडलो, तिथे मोठमोठे शेख समा ऐकतात आणि कुणी त्यांना अडवत नाही. सुलतानाने बंदी घातली नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे, की स्वतः निझामुद्दीन हे 'सगळे चालते' म्हणणारे नव्हते. गाणारा प्रौढ पुरुष हवा, ऐकणारा देवाच्या स्मरणात हवा, शब्दांत अचकटविचकट काही नको, आणि चंग-रबाबासारखी वाद्ये नकोत, अशा त्यांच्या अटी होत्या. आज त्यांच्याच दर्ग्यात पेटीवर कव्वाली रंगते. त्यांना ती ऐकू आली तर ते काय करतील, कोण जाणे.

अवलिया त्या सभेनंतर विषण्ण झाले. जिथे प्रेषिताचे वचन ऐकायला नकार मिळतो ते शहर कसे टिकेल, असे ते बोलले म्हणतात. थोड्याच वर्षांनी, १३२७ च्या सुमारास, महंमद तुघलकाने दिल्लीची विद्वान मंडळी आपल्या देवगिरीकडे, म्हणजे दौलताबादेला, हलवली. शेखांच्या भक्तांनी त्याचा अर्थ काय लावला ते सांगायला नको. त्या लोंढ्यात शेखांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हेही दक्षिणेत आले. समाचा त्यांना इतका ध्यास, की ऐकता ऐकता ते नाचू लागत, आणि तशा नाचणाऱ्यांना पुढे 'बुऱ्हाणी' म्हणू लागले. दौलताबादेत झैनुद्दीन शिराझी नावाचे विद्वान होते. बुऱ्हाणुद्दीनांच्या या गाण्यानाचण्याबद्दल त्यांच्या मनात किंतु होता. ते प्रश्न घेऊन गेले आणि शिष्य होऊन परतले; १३३७ मध्ये बुऱ्हाणुद्दीन गेल्यावर गादी त्यांच्याकडेच आली.

वेरुळच्या लेण्यांपासून जवळच खुलदाबादेत या गुरुशिष्यांचे दर्गे समोरासमोर आहेत. झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात आणखी एक साधी, उघडी कबर आहे. ती औरंगजेबाची. १७०७ मध्ये तो अहमदनगरला मेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणून पुरले. ज्याने संगीताचा जनाजा 'खोल पुरा' म्हणून सांगितले अशी कथा शाळेतल्या पोरांनाही पाठ असते, तो बादशहा समात नाचणाऱ्या फकिराच्या शेजाराला जाऊन निजला. ती जनाज्याची कथा मनुचीने आणि खाफी खानाने लिहून ठेवली आहे, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी ती जशीच्या तशी मानायला नकार दिला आहे. त्याच्या राज्यात संगीतावरचे ग्रंथ लिहिले जात होते. त्याच्याच सरदाराने, फकीरुल्लाने, १६६६ मध्ये 'रागदर्पण' पुरा केला. बादशहाने दरबारातले गाणे बंद केले आणि स्वतः ऐकणे सोडले, हे खरे. 'मआसिर-ए-आलमगिरी'त एक संवाद आहे. मुकर्रम खान नावाच्या गानज्ञ सरदाराने विचारले, की हुजूर, संगीताबद्दल आपले मत काय? बादशहा म्हणाला, मुबाह. चांगलेही नव्हे, वाईटही नव्हे. मग ऐकत का नाही? तर वाद्यांवाचून, विशेषतः पखवाजावाचून, मला गाणे ऐकवत नाही. आणि वाद्ये सर्वांच्या मते वर्ज्य, म्हणून गळ्याचे गाणेही सोडले.

पखवाजावाचून ज्याला गाणे ऐकवत नाही त्याला गाण्यातले कळत होते, हे उघड आहे. औरंगजेबाच्या कितीतरी गोष्टींबद्दल मराठी माणसाच्या मनात राग आहे आणि तो अकारण नाही. पण या उत्तरापुरता मी त्याच्यापुढे थांबतो. स्वतःला प्रिय असलेली वस्तू माणसाने स्वतःपुरती सोडली, तर तिच्यात एक अब्रू आहे. त्याच्या सोडण्याने दरबारी गवयांची रोजी गेली, तिथे ती अब्रू संपते. बादशहाचे 'स्वतःपुरते' कधीच स्वतःपुरते राहत नाही.

अलीकडच्या काळात तर ही रेघ रक्ताने ओढली गेली. अल-अझहरचे प्रमुख महमूद शल्तूत यांनी (१९५८ ते १९६३ या काळात ते त्या पदावर होते) वाद्यसंगीत मुळात वैध असल्याचा निर्णय दिला आणि आपल्याच विद्यापीठाचे एकेकाळचे प्रमुख हसन अल-अत्तार संगीताचे जाणकार होते याची आठवण करून दिली. इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर नभोवाणीवरचे संगीत बंद झाले. पुढे १९८८ मध्ये खोमेनींनीच वैध कामासाठी वाद्ये विकायला मुभा दिली. अफगाणिस्तानात तालिबान १९९६ मध्ये आले तेव्हा आणि २०२१ मध्ये परतले तेव्हाही गाणे बंद पडले. काबूलच्या संगीतविद्यालयातली मुले पोर्तुगालला गेली आणि २०२३ मध्ये हेरातला वाद्यांची होळी झाली. २०१६ मध्ये कराचीत अमजद साब्री या कव्वालाला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. इब्न हझ्म आणि इब्न हजर साखळीच्या दुव्यावरून चारशे वर्षांच्या अंतराने भांडले, पण त्यांत कुणाचा तबला जळला नाही. ज्या बाबतीत विद्वानांत खरा मतभेद आहे, तिथे दुसऱ्यावर बळजोरी करू नये, असा दंडकही त्याच शास्त्रात आहे. होळी पेटवणाऱ्यांनी तो वाचला नसेल असे मानायला मी तयार नाही.

पुन्हा मिरजेकडे येतो. तिथली सतार-तंबोऱ्याची कारागिरी मुसलमान शिकलगारांच्या घरांत वाढली. हत्यारांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात असताना त्यांच्या छातीत दुखू लागले. ते सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले आणि फलाटावरच गेले. शेवटी दरबारीच्या सुरांत त्यांनी देवाचे नाव घेतले, असे सांगतात. नमाज होती की गाणे होते? एक पक्ष म्हणेल, देवाचे नाव असे घेऊ नये. दुसरा म्हणेल, यापेक्षा चांगले घेता येत नाही. मी त्या फलाटावर असतो तर हा प्रश्न काढला नसता; पण तो प्रश्न खोटा आहे असेही मी म्हणणार नाही.

शिंपीभाईंच्या बाबतीत माझे मन अजून पुरते स्वस्थ नाही. त्यांचे मत त्यांचे आहे, ते त्यांनी डोळसपणे घेतले आहे, आणि ते हलवण्याचा मला अधिकार नाही. पण गळा मुलाचा आहे. बाप स्वतः गाणे सोडतो तेव्हा तो त्याग असतो. मुलाकडून सोडवतो तेव्हा त्याला काय म्हणावे? आणि मी तरी काय केले? बापाला उदाहरण देऊन गप्प करायला निघालो, मग बापाचे ऐकले. मुलाला काय वाटते हे दोन्ही वेळा विचारले नाही. संमेलनाच्या रात्री तो पडद्याच्या दोरीपाशी उभा होता. त्याचे कडवे दुसऱ्या मुलाने म्हटले, बरे म्हटले. दोरीपाशी उभ्या असलेल्या मुलाला ते ऐकू येत होते, आणि ऐकू येण्याला दोष नाही. त्याचे ओठ हलत होते की काय, हे मी पाहिले नाही. खरे म्हणजे पाहण्याचे टाळले.

यंदा रमझानच्या आधी मोहल्ल्यात मुलांच्या किरातीची, म्हणजे कुराणपठणाची, स्पर्धा झाली. शिंपीभाईंनी दुकानातून निरोप धाडून मला बोलावले. किरातीला गाणे म्हणत नाहीत. कितीही सुरेल असली तरी ती 'पढतात'. कैरोत १९३४ मध्ये नभोवाणी सुरू झाली ती शेख मुहम्मद रिफअत यांच्या किरातीने, आणि लोक आजही त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून डोळे पुसतात. उम्म कुलसूमचा गळाही लहानपणी याच पठणावर घडला. हे सगळे वाचलेले होते. तरी तो मुलगा उभा राहिला आणि त्याने कानामागे हात ठेवला तेव्हा मी सावरून बसलो. आवाज खालून उठला, एका सुरावर थांबला, तिथून वर गेला, आणि श्वास संपेल असे वाटत असताना अलगद खाली उतरला. तालमीत मी जे ऐकले होते ते सगळे यात होते, आणि तालमीत नव्हते असेही काही होते. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून डोळे पुसले.

संपल्यावर शिंपीभाई गर्दीतून माझ्याकडे आले. "कसं झालं, सर?" 'गोड गायला' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हणालो, "फार सुंदर पढला."

ते हसले. "गळा तोच हाय," म्हणाले, आणि माझ्यासाठी सरबत आणायला गेले.